व्हालीचे माहेर

भाद्रपदात गौरी घरी येतात तेव्हा आपण त्यांना पाहुण्या म्हणत नाही, माहेरवाशिणी म्हणतो. पहिल्या दिवशी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी ओटी भरून पाठवणी. बडोद्यातल्या आपल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. लेक माहेरी आली की तिला दुखवायचे नाही, रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

याच भावनेच्या आधाराने आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला जीवदान मिळाले. ही हकीगत आपल्या मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे वेरावळच्या बाजूला होतो, तेव्हा ती आमच्या कानावर आली आणि पुढे आम्ही तिचा मागोवा घेत गेलो. याच वर्षीच्या स्मरणिकेसाठी ती का लिहावीशी वाटली, ते शेवटी सांगू.

हा किनारा आपल्याला परका नाही

आज आपण द्वारकेला यात्रेसाठी जातो, पण एके काळी ते आपल्याच राज्यातले गाव होते. 1817 साली इंग्रजांनी ओखामंडळ गायकवाडांच्या हवाली केले. द्वारका, बेट आणि आसपासचा मुलूख तेव्हापासून बडोदे संस्थानात आला. दक्षिणेकडचे कोडिनारही गायकवाडांचेच. संस्थानच्या काळात वहिवाटदार, फौजदार, शाळामास्तर अशा जागांवर बडोद्याची माणसे त्या बाजूला बदलून जात. खारे पाणी, वारा आणि वाघेरांची बंडे यांच्या गोष्टी आपल्यातल्या काही घरांत अजून निघतात.

सयाजीराव महाराजांनी या समुद्राकडेही लक्ष दिले होते. जेम्स हॉर्नेल या मद्रास सरकारच्या सागरी शास्त्रज्ञाकडून त्यांनी ओखामंडळाच्या समुद्रातील जीवसृष्टीची पाहणी करून घेतली. तिचा अहवाल बडोदे सरकारसाठी 1909 आणि 1916 असा दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोत्यांचे शिंपले, शंख आणि समुद्रातून मिळणारे इतर उत्पन्न हा त्या पाहणीमागचा मुख्य हेतू. पुढे 1926 मध्ये ओखा बंदर सुरू झाले, आणि 1939 मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्सचा उद्योग उभा राहिला, तोही संस्थानच्या हद्दीतच.

हे सांगण्याचे कारण एवढेच की त्या काळी समुद्र हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन होते. त्याचे रक्षण करायचे असते, हा विचार कुणाच्या मनात नव्हता, आणि त्यात कुणाचा दोषही नव्हता. समुद्र आटणार नाही आणि मासे संपणार नाहीत, असेच सगळे धरून चालले होते.

मासा आणि त्याची शिकार

व्हेल शार्क नावात व्हेल असली तरी तो देवमासा नव्हे. ती मुशीच्या कुळातली आहे, म्हणजे खरा मासाच. साधारणपणे बारा मीटरपर्यंत वाढणारी, क्वचित त्याहूनही मोठी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, आणि प्रत्येकीच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी, जशी माणसाच्या अंगठ्याची खूण. एवढे प्रचंड धूड, पण खाणे पाण्यातले सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. माणसाला तिच्यापासून काही भय नाही. ती वयात यायला वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे मारलेल्यांची भरपाई लवकर होत नाही. हा मुद्दा हिशेबाचा आहे आणि तो लक्षात ठेवला पाहिजे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे लोक या माशाला ‘बॅरल’ म्हणत. मोठा गळ तिच्या अंगात रुतवायचा, गळाच्या दोराला रिकामी पिंपे बांधायची, आणि पिंपे ओढून ओढून ती थकली की किनाऱ्याला आणायची, असा शिकारीचा प्रकार होता. त्या पिंपांवरून हे नाव पडले. प्राण्याला स्वतःचे असे नावसुद्धा नव्हते, तो ज्या साधनाने मारला जाई त्याचे नाव त्याला चिकटले होते.

पूर्वी ही शिकार मर्यादित होती. यकृतातले तेल काढून लाकडी होड्यांच्या तळाला चोपडत, म्हणजे पाणी मुरत नसे. मांस स्थानिक लोक खात नसत. 1990 च्या सुमारास परदेशात, विशेषतः तैवानमध्ये, मांसाला गिऱ्हाईक मिळाले आणि चित्र पालटले. वेरावळ आणि आसपासच्या बंदरांवर उन्हाळ्याच्या हंगामात शेकडो व्हेल शार्क मारल्या जाऊ लागल्या. ज्याच्या गळाला एक लागली त्याच्या घरी काही महिन्यांची ददात मिटे. हे करणारी माणसे क्रूर नव्हती. डिझेलचे, बर्फाचे, व्यापाऱ्याच्या उचलीचे कर्ज डोक्यावर असलेली ती माणसे होती. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण आपलीच आहे. ती त्यांना लागू करताना नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायदा आला, पण कागदावर

माइक पांडे यांनी या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. 2000 साली तो जगासमोर आला. किनाऱ्यावर ओढून आणलेल्या, अजून धुगधुगी असलेल्या त्या माशांची दृश्ये पाहून लोक हादरले. 2001 च्या मे महिन्यात भारत सरकारने व्हेल शार्कला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले. वाघाला जे संरक्षण तेच आता तिलाही मिळाले. हा मान मिळालेला आपल्या देशातला हा पहिला मासा. पुढल्याच वर्षी भारत आणि फिलिपिन्स यांच्या प्रस्तावावरून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले.

आदर्शाच्या दृष्टीने काम झाले होते. पण आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेली माणसे. अधिसूचना निघणे आणि ती माणसाच्या वागण्यात उतरणे यांत किती अंतर असते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी हा कायदा होता त्या खारवा आणि कोळी बांधवांपैकी पुष्कळांना तो झाल्याचेच माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते त्यांना तो दूर दिल्लीतल्या कुणाचा तरी हट्ट वाटला. आणि समुद्रात, किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, पहारा करणार कोण? हजारो होड्यांमागे एक वनरक्षकही पुरणारा नव्हता. धाकाने फार तर शिकार लपूनछपून झाली असती.

‘व्हाली’ असे नाव पडले

2004 साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वन खाते आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून एक मोहीम सुरू केली. जिथे बडोदे संस्थानच्या काळात समुद्राकडे उत्पन्न म्हणून पाहिले जात होते, त्याच ओखामंडळात पाय रोवलेला उद्योग आता त्याच समुद्रातल्या प्राण्यासाठी पैसा घालत होता. काळ असा बदलतो.

मोहिमेच्या लोकांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. पर्यावरणाचा समतोल, जैवविविधता असले शब्द घेऊन ते बंदरावर गेले नाहीत. त्यांनी मोरारी बापूंना गळ घातली. महुव्याजवळच्या तळगाजरड्याचे हे रामकथाकार सौराष्ट्राच्या घराघरांत ऐकले जातात. त्यांनी सांगितले ते अगदी साधे होते. हा मासा दूरच्या समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर येतो तो आपली लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसा, आणि दारी आलेल्या लेकीला कुणी मारत नाही. तिला नाव मिळाले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. बॅरलची व्हाली झाली.

मग खऱ्या माशाएवढा हवा भरलेला फुगा गावोगाव फिरला. पथनाट्ये झाली. पोरबंदर, द्वारका, ओखा, वेरावळ अशा गावांनी व्हाली ही आपली मानखूण म्हणून स्वीकारली. ज्या घरात ‘दीकरी’ बाळंतपणाला आलेली आहे, त्या घरच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागली नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गुजरातच्या किनाऱ्यावर येणारी प्रत्येक व्हेल शार्क मादीच असते असे नाही, आणि ती नेमकी प्रसूतीसाठीच येते, हे शास्त्राने पक्के ठरवलेले नाही. खाद्य भरपूर मिळते म्हणूनही ती येत असेल. म्हणजे ज्या गोष्टीने लोकांचे मन वळले ती शास्त्राच्या काट्यावर तंतोतंत उतरणारी नाही. काहींना हे खटकेल. आम्हालाही प्रथम खटकले. पण विचार करता वाटते, बापूंनी शास्त्र सांगितलेच नव्हते, नाते सांगितले होते. गौरीची पावले रांगोळीची असतात हे आपल्यालाही माहीत असते. म्हणून आपण तिला कमी मान देतो का?

जाळ्याचा हिशेब

एवढ्यावर थांबले असते तर ही एक गोड गोष्ट म्हणून राहिली असती. खरी अडचण पुढे होती. मुद्दाम केलेली शिकार थांबली, पण दुसऱ्या मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात व्हाली अडकू लागली. ती सोडवायची तर जाळे कापावे लागते. जाळे हे मच्छीमाराचे शेत. त्याची किंमत मोठी, त्यासाठी काढलेले कर्ज त्याहून मोठे, आणि जाळे फाटले की हंगामाचे दिवस बुडतात ते वेगळेच. नुसत्या भावनेच्या जोरावर माणूस एकदा जाळे कापेल, दुसऱ्यांदा कापेल, तिसऱ्यांदा बायकोमुलांचे तोंड पाहील.

म्हणून वन खात्याने नुकसानभरपाई सुरू केली. व्हाली सोडवताना जाळे कापले तर 25,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळू लागली. इथे व्यवहार आला, आणि त्याच्या पाठोपाठ अर्थातच पंचनामाही आला. सरकारी पैसा द्यायचा म्हणजे पुरावा हवा. सुरुवातीला मासा अडकल्याची खबर द्यायची, वन खात्याची माणसे होडीने पोहोचेपर्यंत तिला तसेच धरून ठेवायचे, त्यांनी पाहायचे, मग जाळे कापायचे. तोपर्यंत तास उलटून जात आणि अडकलेला जीव घायकुतीला येई. लेकीला वाचवायचे, पण साहेब येईपर्यंत तिला दारातच अडकवून ठेवायचे, असा तो प्रकार होत होता.

आम्ही स्वतः डिप्लोमा करून खात्यात लागलेले. मोजमाप पुस्तकात नोंद नसलेले काम झालेच नाही असे मानायची आम्हाला सवय. त्यामुळे पुढे जो तोडगा निघाला त्याचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. मच्छीमारांनाच पाण्यात चालणारे साधे कॅमेरे दिले गेले. त्यांनी अडकलेल्या माशाचे आणि जाळे कापून सोडल्याचे फोटो काढायचे, आणि तो पुरावा धरून भरपाई मिळायची. साहेबाची वाट पाहणे संपले. त्यात वेळ वाचला हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सरकारने मच्छीमाराच्या शब्दावर आणि फोटोवर विश्वास ठेवला. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो सहसा त्याला जागतो. त्याच फोटोंतल्या ठिपक्यांवरून अभ्यासकांना एकेक मासा ओळखण्याचीही सोय झाली.

मोहीम सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच पाचशेहून अधिक व्हेल शार्क जाळी कापून समुद्रात परत सोडल्या गेल्या. ज्या किनाऱ्यावर त्या कापल्या जात तिथेच हे घडले, आणि कापणाऱ्यांनीच ते घडवले.

वेरावळला असताना एका वयस्क तांडेलाशी आमचे बोलणे झाले. तरुणपणी त्यानेही गळ टाकले होते आणि ते त्याने लपवले नाही. भरपाईत नुकसान भरून निघते का, असे आम्ही विचारले. तो हसला. जाळ्याचा एक तुकडा सुटतो, दोन दिवसांची कमाई तर जातेच, असा त्याने हिशेब करून दाखवला. मग का सोडता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने नुसते घराकडे बोट केले. ओसरीवर त्याची लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

त्या बोटाने आम्हाला जे कळले ते असे. भरपाई पूर्ण नव्हती, कधी नसतेही. नुकसान आणि भरपाई यांत जी तूट राहते ती आपुलकीने भरून निघते. पण भरपाईच नसती तर सगळा खड्डा आपुलकीला भरता आला नसता. आदर्श मोठा की व्यवहार, हा वाद आपण सभांतून पुष्कळ ऐकतो. इथे दोघांनी आपापला वाटा उचलला, म्हणून काम तडीला गेले.

इतरत्र हेच दिसते

कोकणात नाना फडणिसांचे मूळ गाव वेळास. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंड्यांची राखण सुरू केली, आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांतच उतरतात आणि तिथेच जेवतात. कासव पूज्य आहे हे गावाला आधीही माहीत होते, देवळापुढे दगडी कासव असतेच. ते जगले तर चार पैसे आपल्याही घरात येतात, हे नव्याने कळले. महाराष्ट्र शासनानेही 2018 च्या अखेरीस, संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी 25,000 रुपयांपर्यंतची भरपाई सुरू केली.

उलट उदाहरण आम्हाला दूर शोधावे लागत नाही. आमच्या नोकरीत एका वर्षी मोठ्या समारंभाने वृक्षारोपण झाले. खड्ड्यांची मोजमापे आमच्याच हातची होती आणि ती अचूक होती. भाषणेही उत्तम झाली. पाणी कुणी घालायचे हे मात्र कोणत्याही कागदावर नव्हते. पुढच्या चैत्रात तिथे फक्त खड्डे उरले. निसर्गावर प्रेम नव्हते असे नाही, तिथे सगळे प्रेमानेच आले होते. पण रोजची एक बादली कुणाच्याच नावावर नव्हती.

आता आपल्या मंडळाविषयी

आता शेवटी सांगू म्हटलेले कारण. दरवर्षी आपल्या अहवालात शाडूच्या मूर्तीचे आवाहन असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मूर्ती विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020 मध्ये त्या सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत असे सांगितले. एके काळी ज्या सूरसागरात आपण बाप्पांना निरोप देत होतो, त्या पाण्याची काळजी आपल्या सर्वांनाच आहे. तरी आपल्यातल्या किती घरांत शाडूची मूर्ती येते, हे आपण एकमेकांना विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे.

याला भक्ती कमी किंवा जाणीव कमी, असे कारण नाही. शाडूची मूर्ती महाग पडते. ती आधी सांगून ठेवावी लागते आणि आपल्याला आठवण होते श्रावण संपता संपता. ती जड असते, आणि आपल्या पुष्कळ घरांत आता सत्तरीच्या पुढची दोनच माणसे राहतात, मुले पुण्याला नाहीतर परदेशात. त्यांनी ती उचलायची कशी? हे त्यांचे जाळे आहे. ते कापा असे आपण दरवर्षी सांगतो, भरपाईचे मात्र बोलत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. सगळ्यांच्या मूर्तींची मागणी मंडळाने आषाढातच एकत्र नोंदवावी, म्हणजे भावही उतरेल. किमतीतला जो फरक राहील त्याचा अर्धा भाग मंडळाने सोसावा, त्यासाठी मंडपाच्या रोषणाईतून थोडी काटछाट करावी. आणि ज्येष्ठांच्या घरी मूर्ती पोहोचवायला आणि विसर्जनाला न्यायला तरुण मुलांची तुकडी नेमावी, प्रत्येक घर कुणाच्या तरी नावावर लिहून. पुढच्या वर्षीच्या अहवालात आवाहनाच्या जागी घरांचा आकडा छापावा, मग तो कितीही लहान असो.

रोषणाई कमी केल्यास वर्गणी कमी होईल, अशी शंका काही सभासदांनी बोलून दाखवली आहे. ती खोटी नाही. पण खारव्यांनी जाळी कापली तेव्हा त्यांचेही काही गेले होतेच. आपल्याला फक्त दिव्यांच्या चार माळा उतरवायच्या आहेत.

गौरी घरी येते तेव्हा आपण तिला नुसते माहेर म्हणून थांबत नाही. पुरण वाटतो, भाज्या चिरतो, साडीचे पैसे काढून ठेवतो, आणि कोण काय करणार हे आदल्या रात्री ठरवतो. नदी-तळ्यांच्या बाबतीतही एवढेच करायचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!